क्षमताबांधणी : प्रशिक्षण शिबिराच्या पलीकडे

सामाजिक विकासाच्या क्षेत्रात काही शब्द इतके रुळून जातात की, त्यांचा अर्थ विचारण्याची गरज कोणाला वाटेनाशी होते. ‘क्षमताबांधणी’ हा असाच एक शब्द. शासकीय योजनांचे आराखडे, स्वयंसेवी संस्थांचे प्रस्ताव, देणगीदारांना सादर होणारे अहवाल यांत तो हटकून आढळतो. प्रत्यक्षात मात्र त्याचा अर्थ दोन-तीन दिवसांचे शिबिर, हजेरीपटावरील सह्या आणि समारोपाला वाटलेली प्रमाणपत्रे एवढ्यापुरता आक्रसतो. शिबिर संपते, मार्गदर्शक परततात आणि गावाचा व्यवहार मागील पानावरून पुढे चालू राहतो. असे वारंवार का घडते आणि जेथे ते घडले नाही तेथे काय वेगळे होते, हे समजून घ्यायचे तर या संकल्पनेचा मुळापासून विचार करणे आवश्यक ठरते.

व्यक्ती, संस्था आणि एकूण समाज यांना आपले व्यवहार स्वतः यशस्वीपणे चालविता येणे, म्हणजे क्षमता. हे सामर्थ्य निर्माण होणे, वाढणे आणि काळाच्या ओघात टिकून राहणे या प्रक्रियेला क्षमताबांधणी म्हणतात. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक दस्तऐवजात याच आशयाची मांडणी आहे. या व्याख्येतील ‘स्वतः’ आणि ‘टिकून राहणे’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. बाहेरच्या माणसाच्या उपस्थितीत एखादे काम पार पडणे ही मदत झाली. तो माणूस निघून गेल्यावरही ते काम चालू राहणे ही क्षमता झाली.

शब्दाचा प्रवास

दुसऱ्या महायुद्धानंतर नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांना साहाय्य करण्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी १९४९ मध्ये तांत्रिक साहाय्याचा विस्तारित कार्यक्रम स्वीकारला. गरीब देशांकडे ज्ञानाची उणीव आहे, ती तज्ज्ञ पाठवून भरून काढता येईल, हे त्यामागील गृहीतक होते. तज्ज्ञ आले, प्रकल्प उभे राहिले; परंतु मुदत संपून तज्ज्ञ मायदेशी परतल्यावर अनेक ठिकाणी यंत्रे बंद पडली आणि कार्यालये ओस पडली. व्यक्तींना शिकवून भागत नाही, त्यांना सामावून घेणाऱ्या संस्थाही उभ्या राहाव्या लागतात, हे ध्यानी आल्यावर ‘संस्था-उभारणी’ची परिभाषा पुढे आली. १९९० च्या दशकात या दोहोंना कवेत घेणारा ‘कपॅसिटी बिल्डिंग’ हा शब्दप्रयोग सर्वत्र प्रचारात आला. १९९२ मध्ये रिओ द जानेरो येथील वसुंधरा परिषदेत संमत झालेल्या ‘अजेंडा २१’ या कृतिकार्यक्रमातील ३७ वे प्रकरण विकसनशील देशांच्या क्षमताबांधणीलाच वाहिलेले आहे. २०१५ च्या शाश्वत विकास उद्दिष्टांमध्येही सतराव्या उद्दिष्टाखाली तिला स्थान मिळाले.

मराठीत या संकल्पनेसाठी क्षमताबांधणी, क्षमतावर्धन, क्षमता विकास असे निरनिराळे शब्द वापरले जातात. हा केवळ शब्दच्छल नाही. ‘बांधणी’ म्हटले की, रिकाम्या भूखंडावर नवी इमारत उभी करण्याचे चित्र डोळ्यांसमोर येते आणि समाजाकडे आधी काहीच नव्हते असे नकळत सूचित होते. याच आक्षेपामुळे २००० नंतर आंतरराष्ट्रीय संस्था ‘बांधणी’ऐवजी ‘विकास’ हा शब्द अधिक पसंत करू लागल्या. वास्तविक, बियाणे निवडून ठेवणारी शेतकरी स्त्री, बाळंतपणे करणारी सुईण, जंगलातील प्रत्येक झाडाचा उपयोग ठाऊक असलेला आदिवासी यांच्याजवळ ज्ञानाचा साठा असतोच. त्याची ओळख पटवून त्यात भर घालणे, हे खरे काम.

येथे आणखी एक भेद लक्षात घ्यावा लागतो. नोबेल पारितोषिकविजेते अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन यांच्या विवेचनातील ‘केपेबिलिटी’ या संज्ञेसाठीही मराठीत ‘क्षमता’ हाच शब्द योजला जातो. सेन यांच्या लेखी तिचा अर्थ, ज्या प्रकारचे जीवन मोलाचे वाटते ते जगण्याचे खरेखुरे स्वातंत्र्य असा आहे. सायकल चालविता येणे हे कौशल्य. परंतु मुलीला सायकल घेऊन शाळेपर्यंत निर्धास्तपणे जाता येणे, हे स्वातंत्र्य. पहिले शिबिरात शिकविता येते. दुसऱ्यासाठी रस्ता, घरच्यांची संमती आणि गावाची नजर या साऱ्यांत बदल व्हावा लागतो. क्षमताबांधणीचे अनेक कार्यक्रम पहिल्या पायरीवर थांबतात आणि दुसरी गाठल्याचे अहवालात नोंदवितात.

संज्ञा आयात झाली असली, तरी तिच्यामागचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर बहुजन समाजातील मुलांना स्वावलंबी शिक्षणाची वाट खुली केली. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरानगरला शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हा ऊस पिकविणारा शेतकरी कारखाना चालवू शकतो, हे सिद्ध झाले.

तीन स्तर, एक साखळी

अभ्यासक क्षमतेचे तीन स्तर मानतात. पहिला स्तर व्यक्तीचा : ज्ञान, कौशल्य, वृत्ती आणि आत्मविश्वास. दुसरा संस्थेचा अथवा संघटनेचा : कामाच्या रीती, हिशेब, नेतृत्वाची फळी, निर्णय घेण्याची पद्धत. तिसरा स्तर भोवतालच्या व्यवस्थेचा : कायदे, निधी, अधिकारांची वाटणी, सामाजिक रूढी. हे तिन्ही स्तर साखळीच्या कड्यांसारखे एकमेकांत गुंतलेले असतात. हिशेब लिहायला शिकलेल्या महिलेला तिच्या गटाने हिशेबाची वही हाती दिली नाही, तर तिचे शिक्षण वाया जाते. गटाने वही दिली, पण बँकेने कर्ज नाकारले, तर गटाची शिस्त निरुपयोगी ठरते. बहुतेक प्रशिक्षणे फसतात ती व्यक्तीच्या स्तरावर शिकवून संस्था व व्यवस्था जशीच्या तशी ठेवल्यामुळे. महाराष्ट्रातील काही प्रयोगांच्या आधारे हे अधिक स्पष्ट होऊ शकेल.

जामखेड : ज्ञानाची मक्तेदारी मोडणे

डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या दाम्पत्याने १९७० मध्ये तत्कालीन अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथे समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. दुष्काळी टापू, दळणवळणाची वानवा आणि हजारी पावणेदोनशेच्या आसपास असलेला बालमृत्युदर अशी त्या वेळची परिस्थिती होती. खेड्याखेड्यांत प्रशिक्षित परिचारिका ठेवावी, हा सुरुवातीचा विचार व्यवहारात उतरेना. बाहेरून आलेल्या परिचारिकेला गावात एकटीने राहणे अवघड जाई आणि गावाचाही तिच्यावर विश्वास बसत नसे. त्यानंतर गावातीलच महिलेला आरोग्यसेविका म्हणून घडविण्याचा मार्ग निवडण्यात आला. या महिलांपैकी अनेक जणी निरक्षर होत्या आणि काही समाजाने अस्पृश्य मानलेल्या जातींतील होत्या.

त्यांच्या शिक्षणाची पद्धत ध्यानात घेण्याजोगी आहे. एकदाच मोठे शिबिर घेऊन त्यांना गावी धाडून दिले गेले नाही. त्या ठरावीक दिवशी जामखेडला येत, एखादा विषय शिकत, गावात जाऊन तो वापरून पाहत आणि पुढच्या खेपेस अडचणी घेऊन परत येत. शिकणे आणि करणे यांची ही येरझार वर्षानुवर्षे चालली. प्रशिक्षणाचा मोठा भाग आरोग्यशास्त्राइतकाच स्वतःविषयीची प्रतिमा बदलण्यावर खर्च होई. चारचौघांत बोलण्याचे धाडस नसलेली स्त्री गावाला पाणी उकळून पिण्यास सांगू शकणार नाही, ही त्यामागील साधी जाणीव होती. सेविका एकाकी पडू नये म्हणून गावोगाव शेतकरी मंडळे व महिला मंडळे उभी राहिली. १९९० च्या दशकात प्रकल्पक्षेत्रातील बालमृत्युदर हजारी विशीच्या घरात उतरला होता. आरोळे दाम्पत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९९९ मध्ये डॉ. मेबल आणि २०११ मध्ये डॉ. रजनीकांत यांचे निधन झाले. प्रकल्पाचे काम त्यांच्या पश्चातही चालू राहिले.

गडचिरोली : कौशल्यापासून धोरणापर्यंत

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत स्थापन केलेल्या ‘सर्च’ या संस्थेने हाच विचार संशोधनाच्या कसोटीवर उतरविला. नवजात बालकांची काळजी ही रुग्णालयातील बालरोगतज्ज्ञांची मक्तेदारी मानली जात होती. संस्थेने १९९३ ते १९९८ या काळात ३९ गावांत थोडेफार शिकलेल्या स्थानिक महिलांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, त्याला उबदार ठेवणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखणे आणि गरज भासल्यास प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे, ही कामे त्या करू लागल्या. शेजारच्या ४७ गावांशी तुलना केली असता प्रयोगाच्या गावांतील नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. हे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

या यशात साधनांचा वाटा मोठा होता. अंक मोजता न येणाऱ्या सुईणीलाही बाळाचे श्वास मोजता यावेत म्हणून मणी सरकविण्याचे साधे उपकरण तयार करण्यात आले. निरक्षरता हा दोष न मानता साधनाची रचना माणसाच्या मापाने करणे, ही क्षमताबांधणीतील मोलाची दृष्टी होय. शिकणाऱ्याला अभ्यासक्रमात बसविण्याचा अट्टहास सोडला की अनेक ‘अक्षम’ माणसे सक्षम ठरतात.

पुढे २०११ मध्ये घरोघरी नवजात बालसेवेचा हा कार्यक्रम देशातील ‘आशा’ स्वयंसेविकांच्या कामाचा भाग झाला. २००५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने गावोगाव आशा नेमल्या होत्या. रुग्णालयातील प्रसूतीनंतर ४२ दिवसांत सहा आणि घरी झालेल्या प्रसूतीनंतर सात गृहभेटी त्यांनी द्याव्यात, असे ठरले. लहान प्रयोग देशव्यापी होताना काय कमावले आणि काय गमावले जाते, याचे हे उदाहरण आहे. लाखो महिलांपर्यंत ज्ञान पोहोचले. पण ‘स्वयंसेविका’ या बिरुदामुळे त्यांना कर्मचाऱ्याचा दर्जा आणि नियमित वेतन मिळाले नाही. २०२३-२४ मध्ये महाराष्ट्रातील आशांनी मानधनवाढीसाठी संप केला, तेव्हा या त्रुटीकडे पुन्हा लक्ष वेधले गेले. जबाबदारी वाढविणे आणि मोबदला, दर्जा, औषधांचा पुरवठा मात्र तुटपुंजा ठेवणे, याला क्षमताबांधणी म्हणता येत नाही. ते ओझे हलविणे झाले.

मेंढा (लेखा) : संधीच्या आधीची तयारी

गडचिरोली जिल्ह्याच्याच धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या छोट्या गावाने वेगळाच धडा घालून दिला. १९८० च्या दशकापासून या गावात अभ्यासगटांची परंपरा रुजली. देवाजी तोफा यांच्यासारखे गावातील कार्यकर्ते आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे बाहेरून आलेले साथी एकत्र बसून जंगल, पाणी, मध, कायदे, शासकीय योजना अशा विषयांवर चर्चा करीत. अभ्यासगटात केवळ विचार व्हावा आणि निर्णय ग्रामसभेने सर्वसहमतीने घ्यावा, असा दंडक होता. माहिती देणारा आणि निर्णय घेणारा यांच्यात ठेवलेले हे अंतर या गावाच्या यशाचे मर्म आहे. बाहेरचा जाणकार सल्ला देऊ शके, परंतु गावाच्या वतीने ठरवू शकत नसे.

२००६ चा वनहक्क कायदा अमलात आला, तेव्हा हे गाव तयार होते. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. बांबू हे गौण वनोपज असल्याचे या कायद्यात नमूद असूनही वन खात्याने वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार आपल्याकडे ठेवला होता. गावाने हा प्रश्न अभ्यासपूर्वक लावून धरला. अखेर एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन करण्यात आले.

कायदा सर्वांना सारखाच मिळाला होता. त्याचा वापर करण्याची तयारी मात्र या गावाने दोन दशके आधीपासून केली होती आणि त्या काळात तिचे कोणतेही तात्कालिक ‘फलित’ अहवालात दाखविता आले नसते. वर्षभराच्या प्रकल्पातून अशी क्षमता उभी राहण्याची अपेक्षा करणे अवास्तव आहे.

बचत गट : वही कोणाच्या हाती?

शहरी वाचकाला क्षमताबांधणीचे सर्वांत परिचित रूप म्हणजे महिलांचे बचत गट. १९७५ मध्ये महिला आर्थिक विकास महामंडळाची (माविम) स्थापना झाली. नाबार्डने १९९२ मध्ये ५०० गटांना बँकांशी जोडण्याचा पथदर्शी प्रकल्प हाती घेतला आणि २०११ पासून राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियान राज्यात ‘उमेद’ या नावाने राबविले जाऊ लागले. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, वेळेवर परतफेड आणि चोख लेखे या पंचसूत्रीवर गटाची घडी बसते. जुन्या गटांतील अनुभवी महिलांनी दुसऱ्या गावात जाऊन नवे गट घडवावेत, ही पद्धतही या चळवळीने रूढ केली. कालची शिकणारी आज शिकविणारी होते, तेव्हा संस्थेवरील अवलंबित्व आपोआप कमी होऊ लागते.

मात्र गटाचे आरोग्य ओळखण्यासाठी त्याची एकूण बचत पाहण्यापेक्षा हिशेबाची वही कोण लिहिते, हे पाहणे अधिक उपयुक्त ठरते. संस्थेचा कार्यकर्ता किंवा एखाद्या सदस्याचा मुलगा ती लिहीत असेल, तर दहा वर्षे जुना गटही परावलंबीच असतो.

या संदर्भात सातारा जिल्ह्यातील म्हसवडच्या माणदेशी महिला सहकारी बँकेची हकिकत उद्बोधक आहे. चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने महिलांनी बँक काढायचे ठरविले. प्रवर्तक सदस्यांपैकी अनेक जणी निरक्षर असल्यामुळे परवान्याचा पहिला अर्ज नामंजूर झाला. महिलांनी लिहिणे-वाचणे शिकण्याचा निर्धार केला आणि रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्यांसमोर जाऊन, कोणत्याही रकमेचे व्याज आम्ही तोंडी काढून दाखवितो, असे आव्हान दिले. १९९७ मध्ये बँक सुरू झाली. अक्षरज्ञान त्यांना मिळवावे लागले, पण व्यवहारज्ञान त्यांच्याजवळ आधीच होते. उणीव कोठे आहे आणि सामर्थ्य कोठे आहे याची नेमकी पारख झाल्याशिवाय अभ्यासक्रम ठरवू नये, हे यातून दिसते.

पंचायतराज : अधिकारांशिवाय प्रशिक्षण

७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली आणि देशभर लक्षावधी लोकप्रतिनिधी ग्रामपातळीवर निवडून येऊ लागले. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांसाठी त्यापूर्वीच, १९९० मध्ये, ३० टक्के आरक्षण लागू झाले होते; २०११ मध्ये ते ५० टक्के झाले. पहिल्यांदाच घराचा उंबरठा ओलांडून सभेत बसलेल्या महिलांच्या प्रशिक्षणाची गरज निर्विवाद होती. पुण्याची ‘यशदा’ आणि अनेक स्वयंसेवी संस्था यांनी हे काम केले. अंदाजपत्रक, ग्रामसभेचे नियम, सरपंचाची कर्तव्ये यांवरील पुस्तिका गावोगाव पोहोचल्या.

तरीही ‘सरपंचपती’ ही संस्था अनेक गावांत टिकून राहिली, कारण अडथळा माहितीच्या अभावापुरता मर्यादित नव्हता. पुरुषांनी भरलेल्या सभेत खुर्चीवर बसण्याची मुभा, कार्यालयातील कागदपत्रे वेळेवर हाती येणे, अविश्वास ठरावाची टांगती तलवार नसणे, या गोष्टी पुस्तिकेतून मिळत नाहीत. जेथे गावातील महिला मंडळ किंवा बचत गट सरपंच महिलेच्या पाठीशी उभा राहिला, तेथे ती स्वतःच्या मताने कारभार करू शकली. व्यक्तीची क्षमता संघटनेच्या बळावर उभी राहते, या सूत्राचा प्रत्यय येथेही येतो.

व्यवस्थेच्या स्तराचे महत्त्वही पंचायतराजमध्ये ठळकपणे दिसते. चौदाव्या वित्त आयोगाचा निधी २०१५ पासून थेट ग्रामपंचायतींना मिळू लागला आणि ‘आमचं गाव, आमचा विकास’ या उपक्रमातून गावांना स्वतःचे विकास आराखडे करण्याचे प्रशिक्षण देण्यात आले. पुढे पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या कालखंडातील निधीपैकी ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छता या विषयांशी बांधून देण्यात आली. हे विषय निःसंशय निकडीचे आहेत. तथापि, आराखडा करायला शिकलेल्या गावाला प्राधान्य ठरविण्यासाठी उरलेली जागा त्यामुळे आकुंचन पावली. दुसरीकडे, मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यानंतर राज्यातील अनेक जिल्हा परिषदा तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकांच्या हाती राहिल्या. लोकप्रतिनिधीच नसतील, तर त्यांची क्षमता कोठे वाढणार आणि कशी कसाला लागणार? कारभार करूनच कारभार शिकता येतो.

संस्थांची क्षमता आणि पैशाचे गणित

समाजाची क्षमता वाढविण्याचा विडा उचलणाऱ्या स्वयंसेवी संस्थांची स्वतःची क्षमता हा सहसा दुर्लक्षित विषय आहे. जमाखर्च सांभाळणारी व्यक्ती, अनुभवी कार्यकर्त्यांचे स्थिर वेतन, दुसऱ्या फळीची घडण, माहितीची नोंद ठेवण्याची व्यवस्था यांना पैसा लागतो. देणगीदारांचा कल मात्र दृश्य कामांकडे असतो. शाळेच्या खोलीला देणगी मिळते, लेखापालाच्या पगाराला मिळत नाही. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीत प्रशासकीय खर्चाला ५ टक्क्यांची मर्यादा आहे. विदेशी देणग्यांबाबतच्या कायद्यात २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीने ही मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली आणि एका संस्थेने दुसरीला असा निधी हस्तांतरित करण्यास बंदी घातली. या निर्बंधांमागे गैरव्यवहार रोखण्याची भूमिका मांडली गेली. त्यांचा एक परिणाम असा की, मोठ्या संस्थांच्या आधाराने वाढू पाहणाऱ्या खेड्यांतील लहान संस्थांचा एक मार्ग बंद झाला.

शासनानेही स्वतःच्या यंत्रणेसाठी हीच परिभाषा स्वीकारली आहे. सनदी सेवकांसाठी ‘मिशन कर्मयोगी’ हा कार्यक्रम २०२० मध्ये मंजूर झाला आणि २०२१ मध्ये त्यासाठी स्वतंत्र आयोग नेमण्यात आला. लोकांना सक्षम करू पाहणारी यंत्रणाच शिकण्यास तयार नसेल, तर गावातील सारे प्रयत्न कार्यालयाच्या दारात अडतात. त्यामुळे हा प्रवाह स्वागतार्ह आहे. मात्र किती अभ्यासक्रम पूर्ण झाले, या आकड्यातच तो अडकून पडू नये, ही अपेक्षाही रास्त आहे.

मोजमाप कसे करावे?

‘किती जणांना प्रशिक्षण दिले?’ हा प्रश्न सोपा असल्यामुळेच तो सर्वत्र विचारला जातो. अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या चार पायऱ्या मांडल्या. शिकणाऱ्यांना ते कसे वाटले, त्यांना काय समजले, त्यांच्या वागण्यात काय बदलले आणि त्याचा अंतिम परिणाम काय झाला, अशा त्या पायऱ्या आहेत. आपल्याकडील बहुसंख्य मूल्यमापन पहिल्या पायरीवर, म्हणजे समारोपाच्या वेळी भरून घेतलेल्या अभिप्रायपत्रकावर, संपते.

सामाजिक विकासाच्या संदर्भात काही साधे प्रश्न अधिक उपयोगी पडतात. कार्यकर्ता सहा महिने गावात आला नाही, तरी बैठक होते का? पूर्वी कोणाला तरी विचारून घ्यावा लागणारा निर्णय लोक आता स्वतः घेतात का? शिकलेल्यांनी आणखी कोणाला शिकविले का? चूक झाली, तर ती शोधून दुरुस्त करण्याची रीत गटाजवळ आहे का? संस्थेच्या प्रमुखालाही न आवडणारी गोष्ट सांगण्याइतके बळ लोकांत आले आहे का? यांपैकी शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड आहे, कारण सक्षम झालेले लोक सर्वप्रथम आपल्याला सक्षम करणाऱ्यांनाच प्रश्न विचारतात. ज्या संस्थेला ते रुचत नाही, ती कळत-नकळत लोकांना आपल्यावर विसंबून ठेवते.

मर्यादांचे भान

क्षमताबांधणी हा सर्व दुखण्यांवरील उतारा नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. दारिद्र्याचे खापर गरिबांच्या अज्ञानावर फोडण्यासाठी या शब्दाचा वापर होऊ शकतो. जमीन नसलेल्याला शेतीचे, भांडवल नसलेल्याला उद्योजकतेचे आणि रस्ता नसलेल्या पाड्याला बाजारपेठेचे धडे देणे ही एक प्रकारची थट्टाच ठरते. अशा ठिकाणी आधी साधने, हक्क आणि सेवा यांची तजवीज करणे हे शासनाचे कर्तव्य असते. प्रशिक्षण हा त्याला पर्याय नव्हे. तसेच, प्रत्येक गावाने प्रत्येक गोष्ट स्वतःच करावी, हा आग्रहही अतिरेकी होईल. पाण्याची योजना गाव चालवू शकते, परंतु धरणाची सुरक्षितता किंवा साथीच्या रोगाचे नियंत्रण गावावर सोपवून सरकारला मोकळे होता येणार नाही.

जामखेड, गडचिरोली, मेंढा आणि म्हसवड येथील अनुभव एकमेकांपासून भिन्न असले, तरी त्यांतून काही समान गोष्टी हाती लागतात. लोकांजवळ आधीपासून असलेल्या ज्ञानाचा तेथे आदर झाला. शिकणे प्रत्यक्ष कामाशी जोडले गेले आणि ते दीर्घकाळ चालले. व्यक्तीच्या पाठीशी संघटना उभी राहिली. जेथे निर्णयाचा अधिकार आणि साधनेही लोकांच्या हाती आली, तेथे शिकलेले टिकले. जेथे केवळ जबाबदारी आली, तेथे असंतोष वाढला. म्हणूनच ‘क्षमताबांधणी’ हा शब्द लिहिलेला एखादा आराखडा समोर येईल, तेव्हा शिबिरांची संख्या मोजण्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात : या कार्यक्रमाच्या अखेरीस कोणता अधिकार लोकांच्या हाती जाणार आहे आणि राबविणारी संस्था तेथून केव्हा बाहेर पडणार आहे? आराखड्यात या दोहोंची उत्तरे असतील, तर त्या शब्दाला अर्थ आहे.